एकशे आठ मिलिमीटर

स्टँडला दहा खाचा होत्या, त्यांतल्या सात भरलेल्या. सात नळ्या, सातही जणांची नावं मीच चिकटपट्टीवर निळ्या शाईत लिहिलेली. तासाची घंटी वाजली तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी डावीकडून वाचायला सुरुवात केली. चौदा. बावीस. नऊ. अठरा. छत्तीस. अकरा. सातव्या नळीत लाल पेशी इतक्या खाली जाऊन बसल्या होत्या की वर नुसता पिवळसर, नितळ द्रव उभा होता. एकशे आठ मिलिमीटर. नळीवर नाव होतं रिना वीरसिंग पावरा, वय चोवीस, आणि सोबतच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, सिकल सेल, क्रायसिस, म्हणजे त्या आजारातला वेदनांचा झटका. ईएसआर ही चाचणी अगदी साधी आहे. रक्त उभ्या नळीत तासभर ठेवायचं आणि लाल पेशी किती खाली बसल्या ते मोजायचं. अंगात कुठे सूज असली की पेशी पापडांच्या चवडीसारख्या एकावर एक रचल्या जातात, जड होतात, लवकर बसतात. सिकलच्या रुग्णाच्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या असतात, त्यांची चवड लागत नाही, म्हणून त्यांचा ईएसआर बहुतेक वेळा खालीच राहतो. हे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे, पान मी सांगू शकते. चिठ्ठी आणि नळी या दोन गोष्टी एका माणसाच्या असू शकत नव्हत्या, आणि ते माणूस बाहेर बाकावर बसलं होतं, मघाशी तिचं रक्त काढताना मला म्हणालं होतं, “काय पाटलीण, अजून किती पिणार?”

रिना मला पाटलीण म्हणते ते हॉस्टेलपासून. मी कळसाडीची, आमच्याकडे कापूस आणि ऊस. ती धडगावच्या वरच्या पाड्यातली, आणि तिचे आईवडील एक हंगाम आमच्याच शिवारात ऊस तोडायला आले होते, हे आम्हाला एका खोलीत राहायला लागल्यावर दोन महिन्यांनी कळलं. तेव्हा ती म्हणाली होती, म्हणजे तुमची साखर आमच्या हातची. मी हसले होते. आता ती खापरजवळच्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. मी नंदुरबारला लॅबमध्ये नळ्या मोजते. शिरेत सुई घालायला मला त्या दिवशी दोनदा टोचावं लागलं, कारण तिचा हात बर्फासारखा होता आणि बोटं फुगून गुळगुळीत झाली होती, त्यांच्यावरच्या सुरकुत्या गेल्या होत्या. मी म्हटलं, अंग भरलंय तुझं. ती म्हणाली, फक्त बोटंच भरलीत, बाकी बघ. बाकी खरोखर काही उरलं नव्हतं. बाहेर पथारीवर, म्हणजे मोकळ्या मैदानात, वाळणाऱ्या मिरचीचा तिखट खाट हिवाळ्यात सगळ्या गावभर असतो, आमच्या लॅबच्या खिडकीतूनही येतो. तिला खोकला आला की राजेंद्रभाऊ खिडकी लावून घ्यायचे आणि म्हणायचे, मिरची लागली. मीही तेच म्हटलं. खोकला थांबेना तेव्हा ती बाकावर पुढे वाकून, दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेकवून बसली. ती मुद्रा मी पाहिली आणि दुसऱ्या कामाला लागले.

नळी घेऊन मी राजेंद्रभाऊंकडे गेले. लॅब त्यांची. त्यांनी नळी हातात न घेता लांबूनच पाहिलं. “तिले सिकल शे,” ते म्हणाले. “कार्ड शे तिन्हाजोडे. नळी वाकडी ऱ्हायनी व्हई, परत भर.” नळी तिरकी राहिली तर आकडा वाढतो, हे खरं आहे. म्हणून मी परत भरली, स्टँडला पातळी लावून पाहिली, फ्रिजच्या हादऱ्यापासून दूर ठेवली आणि तासभर तिच्यासमोर बसले. संसर्ग असला तर सिकलमध्येही ईएसआर चढतो, हेही खरं आहे, म्हणून तिचा ताप पाहिला: अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. नाडी मोजली, पूर्ण एक मिनिट, घड्याळ धरून. बसलेल्या, काहीही न करणाऱ्या बाईची नाडी एकशे अठरा. मी विचारलं, जिना चढून आलीस का. ती म्हणाली, दीड तास बसलेय इथे, तुझ्याच समोर. दुसऱ्या नळीचा आकडा एकशे दहा आला. राग मला तेव्हा आला नाही. कार्ड हा शब्द भाऊंनी उच्चारल्याबरोबर मला त्या कार्डाचा रंग, जाडी आणि त्यावरचं अक्षर आठवलं होतं. ते अक्षर माझं होतं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आम्ही सिकलचं शिबिर घेतलं होतं, मुलींच्या हॉस्टेलपुरतं. पहिली चाचणी सोपी असते. काचेच्या नळीत रसायन, त्यात एक थेंब रक्त, आणि नळीच्या मागे काळ्या रेघा मारलेला पुठ्ठा. रेघा दिसल्या तर ठीक. द्रव गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पण ही चाचणी एवढंच सांगते की रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. ते आईबापांपैकी एकाकडून आलंय की दोघांकडून, म्हणजे माणूस नुसता वाहक आहे, ज्याला आयुष्यभर सहसा काहीच होत नाही, की खराखुरा रुग्ण आहे, हे दुसऱ्या चाचणीत कळतं, इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये. ती आमच्याकडे नव्हती. नमुने पुढे पाठवायचे होते. सर म्हणाले पाठवू, मग परीक्षा आल्या, मग सरांची बदली झाली. कार्डं मात्र त्याच दिवशी द्यायची होती, आणि वर्गात माझं अक्षर सगळ्यात चांगलं, म्हणून ती मी लिहिली. पहिल्या ओळीत, सिकल पॉझिटिव्ह, लाल शाईत, म्हणजे ठळक दिसावं. दुसऱ्या ओळीवर छापलेलं होतं, वाहक की रुग्ण, आणि पुढे मोकळी जागा. मोकळी जागा मला कधीच आवडली नाही. मी तिथे पट्टी लावून एक आडवी रेघ मारली. रिनाला कार्ड देताना ती म्हणाली होती, यात मी पास का नापास. मी म्हटलं होतं, पॉझिटिव्ह आलीस. दोघी हसलो होतो. मला आता त्या हसण्याचीसुद्धा चीड येते, अगदी दातांखाली खडा यावा तशी.

आणि चीड येते ती त्या वर्षीच्या जानेवारीची. हॉस्टेलच्या मागे टाकी होती, पहाटेचं पाणी हात कापणारं. रिना कपडे धुवून आली आणि तिची उजव्या हाताची तीन बोटं पांढरी झाली होती, फिकट नाही, खडूसारखी पांढरी, आणि पांढऱ्याची हद्द इतकी स्पष्ट होती की मी बॉलपेनने त्या हद्दीवर खूण केली आणि घड्याळ लावून बसले. बोटं आधी निळी झाली, मग लाल झाली, मग दुखली. पूर्ववत व्हायला एकतीस मिनिटं. मी ते वहीत लिहून ठेवलं: तारीख, तीन बोटं, एकतीस मिनिटं. मला वाटत होतं मी शास्त्रज्ञ होतेय. रिना दात आवळून बोटं काखेत धरून बसली होती आणि म्हणत होती, तुझी गंमत झाली का, पाटलीण. मग मी निरीक्षणाच्या खाली निष्कर्ष लिहिला. वही अजून घरी आहे, मी गेल्या महिन्यात कळसाडीला जाऊन काढून पाहिली. निष्कर्ष एका शब्दाचा आहे. सिकल. म्हणजे डॉक्टर नंतर आले. पहिली मी.

दुसऱ्या नळीचा तास भरेपर्यंत तिची पिशवी माझ्यासमोर होती. सदतीस कागद निघाले. मी ते तारखेने लावले. पाच वर्षं, चार दवाखाने. सदतीसपैकी एकोणतीस कागदांवर सिकल हा शब्द होता, वेगवेगळ्या अक्षरांत, बहुतेक वेळा पहिल्याच ओळीत, म्हणजे माणसाला काय होतंय ते विचारण्याच्या आधी. सांधे दुखतात: सिकल. थकवा येतो: सिकल. दंड उचलत नाही, फळ्याच्या वरच्या भागावर लिहिता येत नाही: सिकल, आणि वेदनाशामक. दम लागतो: रक्त कमी, सिकल, फॉलिक अॅसिडच्या गोळ्या. रात्री आडवं झालं की जीव घाबरतो, उशा रचून बसून झोपावं लागतं, हे तिने तीन ठिकाणी सांगितल्याचं तिला आठवत होतं, पण लिहिलं होतं एकाच ठिकाणी, आणि तेही अवतरण चिन्हांत, जणू ती बनवून सांगत होती. ईएसआर चार वेळा झालेला होता: चौऱ्याऐंशी, ब्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, एकशे एक. चारही आकड्यांखाली कुणीतरी पेनने रेघ ओढली होती, म्हणजे पाहिले होते. चार घड्या घातलेला एक ईसीजी होता, दोन वर्षांपूर्वीचा, कागद पिवळा पडलेला, त्यावरच्या लाटा पुस्तकातल्या लाटांच्या निम्म्या उंचीच्या. मी डॉक्टर नाही, ईसीजी मला वाचता येत नाही. पण वाचता येणाऱ्या माणसाने त्याच्या मागे एक अक्षरही लिहिलं नव्हतं. हृदयाचा इको एकदाही नाही. इलेक्ट्रोफोरेसिस एकदाही नाही. पाच वर्षांत एकालाही वाटलं नाही की रुग्ण असल्याची खात्री करावी, कारण खात्री कशाला करायची. मुलगी डोंगरातली, आडनाव पावरा, कार्ड लाल शाईचं. माझ्या आईचे सांधे दुखायला लागले तेव्हा तिला तीन तज्ज्ञ दाखवले, अकरा तपासण्या झाल्या, आणि निष्कर्ष निघाला की वय झालंय. कळसाडीच्या पाटलिणीच्या सांध्यांना अकरा कारणं असू शकतात. डोंगरातल्या सांध्यांना एकच.

आमच्याकडे छातीत दुखणाऱ्या लोकांसाठी ट्रोपोनिनचं किट असतं. हृदयाच्या स्नायूच्या पेशी फुटल्या की त्यांतलं हे प्रथिन रक्तात उतरतं. पट्टीवर एक रेघ नेहमीच उमटते, दुसरी उमटली तर हृदयाला इजा आहे. मी भाऊंना न विचारता ते फोडलं. नऊ मिनिटांनी दुसरी रेघ उमटली, फिकट, पण उमटली. चोवीस वर्षांच्या बाईच्या रक्तात. दुपारच्या गाडीने आमचे नमुने सुरतेला जातात. त्या डब्यात मी रिनाच्या दोन नळ्या घातल्या आणि फॉर्मवर माझ्या हाताने लिहिलं: इलेक्ट्रोफोरेसिस, एएनए. एएनए म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःवरच उलटली आहे का, हे पाहणारी चाचणी. भाऊंनी फॉर्म पाहिला आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. “तुन्हं काम नळी मोजानं शे, स्वप्नाली. डाक्टर व्हवानं व्हतं ते तितलं शिकानं व्हतं.” मी म्हटलं, मोजली, दोनदा. डबा त्यांनी परत उघडला नाही, हे त्यांच्या नावावर लिहायला हवं.

ट्रोपोनिनची पट्टी आणि दोन्ही आकडे घेऊन मी चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांच्या खोलीत पंखा बंद होता आणि भिंतीवर फुप्फुसांचं चित्र होतं, हे मला नको इतकं स्पष्ट आठवतं. त्यांनी पट्टी उजेडाकडे धरली, किटची मुदत संपलेली असेल म्हणाले. मी मुदतीची तारीख सांगितली. मग ते म्हणाले की सिकलच्या क्रायसिसमध्ये काहीही होऊ शकतं. मी विचारलं, सिकल नक्की कशावरून. ते माझ्याकडे लहान मुलीकडे पाहावं तसे पाहत राहिले, आणि म्हणाले, “मॅडम, पावरा आहे, कार्ड आहे, सांधे दुखतात. अजून काय पाहिजे?” मला खूप काही पाहिजे होतं. मला पाहिजे होतं की त्यांनी तिचा हात हातात घ्यावा. नुसता धरावा, अर्धं मिनिट. पण मी त्यांना हेही सांगू शकले नाही की ते कार्ड खोटं असू शकतं, कारण पुढचा प्रश्न आला असता, कुणी लिहिलं. मी नमस्कार केला. नमस्कार केला याचाही मला राग आहे.

निकाल चौथ्या दिवशी आले. हिमोग्लोबिन ए एकसष्ट टक्के, एस पस्तीस. नुसती वाहक. तिच्या शरीरात सिकलने पाच वर्षांत काहीही केलेलं नव्हतं. एएनए जोरदार पॉझिटिव्ह, सूक्ष्मदर्शकाखाली ठिपकेदार. मी फोन केला नाही. शुक्रवार होता, अर्धी रजा टाकून मी एसटीने खापरला गेले. तिची आई दिवलीबाई तिच्याजवळ येऊन राहिली होती, कारण रिनाला आता बादली उचलत नव्हती. शाळेच्या मागच्या खोलीत आम्ही तिघी बसलो. मी क्रमाने सांगितलं, कारण क्रमाने सांगितलं तरच मला जमणार होतं: नळी, आकडे, वाहक म्हणजे काय, रुग्ण म्हणजे काय, शिबिर, नमुने गेले नाहीत, रेघ. रिनाने कार्ड पेटीतून काढून आमच्यामध्ये ठेवलं. कड झिजली होती, लाल शाई तशीच होती. तिने ते थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, “म्हणजे पाच वर्षं मी तुझं अक्षर घेऊन फिरतेय.” मी काही बोलायला गेले तर तिने हात वर केला, खांद्यापर्यंत जाण्याआधीच तो खाली आला. दिवलीबाईला मराठी थोडं कळतं, पण ती पावरीत बोलली, हळू, माझ्याकडे न पाहता. रिनाने सांगितलं: आई विचारतेय, त्या कार्डावरून तोरणमाळच्या लोकांनी माझं ठरलेलं लग्न मोडलं, त्यांनाही तू जाऊन सांगशील का. मी रडायला लागले. रिना म्हणाली, “ते नंतर. आधी हे काय आहे ते शोध. तू लिहिलंस, तूच खोड.” तिच्या आवाजात माफी नव्हती आणि मला ती नसल्याचं बरं वाटलं. सगळ्या प्रकरणात तेवढी एकच गोष्ट अचूक होती.

आम्ही तिघी सुरतेला गेलो. तिथल्या डॉक्टरीण बाई साठीच्या पुढच्या, वापीच्या, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी फाईल उघडलीच नाही. आधी रिनाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, बोटांची कातडी चिमटीत धरून पाहिली, ती धरता येईना. नखांच्या मुळाशी भिंगाने पाहिलं. विचारलं, थंड पाण्यात बोटं पांढरी होतात का, कधीपासून. रिनाने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, तारीख हिच्याकडे आहे. एकतीस मिनिटं, मी म्हटलं. बाईंनी ते लिहून घेतलं. सगळं मिळून सव्वा मिनिट लागलं होतं. पाच वर्षं आणि सव्वा मिनिट, हे दोन आकडे मी शेजारी ठेवते तेव्हा माझे कान तापतात. मग आणखी एक रक्ततपासणी, मग इको, मग एमआरआय. संयोजी ऊतींचा मिश्र आजार, असं त्यांनी सांगितलं. सांधे, स्नायू, कातडी, सगळीकडे शरीर स्वतःवर तुटून पडतं, आणि पुष्कळदा हृदयावरही, पण हृदय कुरकुर करत नाही, म्हणून ते शोधावं लागतं, ते आपण होऊन हाती येत नाही. हृदयाच्या स्नायूला सूज होती, भोवती थोडं पाणी होतं. प्रत्येक ठोक्याला डावा कप्पा आतल्या रक्तापैकी किती बाहेर ढकलतो, त्याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. तो आकडा पंचावन्न टक्क्यांच्या वर असावा. रिनाचा चौतीस होता. बाईंनी दुसऱ्याच दिवशी शिरेतून स्टिरॉइड सुरू केलं. दिवलीबाईने रिनाकरवी विचारलं, आधी आणलं असतं तर. बाई तिला दिलासा देऊ शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, “सूज आहे तेवढं परत येईल. व्रण झालाय तेवढं येणार नाही. तीन महिन्यांनी मोजू. आकडा जिथे थांबेल, त्याच्या वरचं गेलं असं धरायचं.”

तीन महिन्यांत मी जे केलं ते राग जिरवायला केलं, चांगुलपणाने नाही. कॉलेजच्या कपाटातून शिबिराची नोंदवही काढली. एकशे बारा मुली, एकोणीस पॉझिटिव्ह, एकोणीस आडव्या रेघा, पट्टी लावून मारलेल्या, सारख्या लांबीच्या. आतापर्यंत अकरा जणी सापडल्या, अकरा नमुने गेले, नऊ जणी नुसत्या वाहक निघाल्या. त्यांतल्या दोघींनी पाठ दुखली तरी पाच वर्षं कुठल्या डॉक्टरला दाखवलं नव्हतं, कारण आपल्याला काय झालंय ते आपल्याला माहीत आहे असं त्यांना वाटत होतं. तोरणमाळलाही गेले. तिथल्या मुलाचं लग्न झालं होतं, त्याच्या आईने मला पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. चिठ्ठीवाल्या डॉक्टरांना सुरतेचे कागद पाठवले. पुढच्याच आठवड्यात त्यांच्याकडून अक्कलकुव्याच्या एका मुलीची चिठ्ठी आली, सिकल सेल, क्रायसिस. मी चिठ्ठी परत पाठवली आणि खाली लिहिलं, इलेक्ट्रोफोरेसिस झालं आहे का. राजेंद्रभाऊंनी ते पाहिलं आणि पाठवू दिलं. मला वाटलं होतं या सगळ्याने आतलं काही उतरेल. नाही उतरलं. मिरचीचा खाट येतो, नळ्या बसत राहतात, आणि मी प्रत्येक आडनाव वाचते तेव्हा माझ्याच मनात आधी एक शब्द उमटतो, अजूनही, आणि मग मी तो खोडते. त्या क्षणाचा राग डॉक्टरांवरच्या रागापेक्षा मोठा आहे.

मार्चच्या शेवटी आम्ही दोघी सुरतेला गेलो. रिना स्टेशनचा जिना मध्ये एकदाच थांबून चढली. बावीस पायऱ्या, तेराव्या पायरीवर. फळ्यावर आता वरच्या ओळीपर्यंत लिहिते, म्हणाली, पण पोरं म्हणतात बाईंचं अक्षर बिघडलं, मला तुझ्यासारखं अक्षर हवं होतं. मी म्हटलं, नको. इकोच्या खोलीत अंधार होता. ती डाव्या कुशीवर झोपली, आडवी, एकाच उशीवर. पडद्यावर तिचं हृदय उघडत होतं आणि मिटत होतं, राखाडी रंगाचं, आणि मी नकळत ठोके मोजायला लागले. मिनिटाला ब्याऐंशी. बाईंनी काठाकाठाने ठिपके लावून कप्पा मोजला, मग पुन्हा मोजला, मग तिसऱ्यांदा, आणि तिन्हींची सरासरी घेतली. यंत्रातून कागद बाहेर आला. बाईंनी तो रिनाकडे दिला. रिनाने तो न पाहता माझ्याकडे दिला आणि म्हणाली, “तू वाच. मोठ्याने.”

मी वाचलं. रिना वीरसिंग पावरा, वय चोवीस. हृदयाभोवतीचं पाणी: नाही. इजेक्शन फ्रॅक्शन: बेचाळीस टक्के.